खेळती हवा

“पंखा आहे ना त्यात? मग हवा खेळणारच की!” विलास म्हणाला, आणि दुकानदारानं बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

प्रश्न मी विचारला होता, तोही दुकानदाराला. उत्तर माझ्या नवऱ्यानं दिलं. त्याचं हे नेहमीचंच. भाजीवालीला मेथीचा भाव विचारला तरी हाच सांगणार. तेव्हा मी त्याला चारचौघींसारखं ‘अहो’ म्हणायचे. आता सांगताना ‘तो’ म्हणते. जिभेला बरं वाटतं.

नाशिकच्या त्या दुकानात आम्ही गेलो होतो योगितासाठी. योगिता म्हणजे विलासची धाकटी बहीण, माझी नणंद. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगी झाली, एक किलो नऊशे ग्रॅमची. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. गुरुवारी घरी सोडते म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण बजावून सांगितलं, “खोली दिवसरात्र उबदार पाहिजे. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. शेगडी नको, धुरी नको. आणि हवा खेळती ठेवा.” हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या.

महिना जानेवारीचा, आणि आमचं गाव निफाडपासून चार किलोमीटरवर. तिथली थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगायचं! पहाटे द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांतून शेकोट्या पेटवतात तिथे. त्या थंडीत पावणेदोन-दोन किलोचं बाळ जगवायचं होतं.

दुकानदार भला माणूस होता. तेलाचा हीटर त्यानं स्वतःच बाजूला सारला. “जवळ गेलं की भाजतं, लांब राहिलं की गार. ब्लोअर घ्याल तर बाळाचा घसा सुकेल. हा घ्या, हॉट-कोल्ड एसी. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन बस. फक्त बसवणारा माणूस आठ दिवसांनी मिळेल, लग्नसराईमुळे सगळे अडकलेत.”

“आठ दिवस? बाळ परवा येतंय,” मी म्हणाले.

“मग त्यातच हा एक आहे, स्वतः बसवायचा. नळ्यांत गॅस भरूनच येतो. भिंतीला भोक पाडा, नळ्या बाहेर काढा, पान्यानं आवळा. भोक बाहेरच्या अंगाला जरा उतरतं ठेवा म्हणजे झालं.”

‘स्वतः’ हा शब्द कानावर पडला आणि विलासची छाती फुगली. मी विचारलं, “यातून बाहेरची ताजी हवा आत येते का? डॉक्टरांनी खेळती हवा सांगितलीय.” तेव्हा त्यानं ते पंख्याचं उत्तर दिलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि दुकानदार तिकडे वळला. मीही पुन्हा विचारलं नाही. यंत्र मलाही पटलं होतं. “हाच घेऊ,” असं शेवटी मीच म्हणाले.

बुधवारी त्यानं ते बसवलं. खोटं कशाला बोलू, चांगलं बसवलं. मी शिडी धरून उभी, तो वर. भोक बरोबर उतरतं, नळ्या बरोबर आवळलेल्या. संध्याकाळी बटण दाबल्यावर दहा मिनिटांत खोलीत ऊब भरली आणि त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच थांबला असता तर आज मी त्याचे गोडवे गायले असते.

पण थांबेल तो विलास कसला! ऊब बाहेर जाते म्हणून खिडक्यांच्या फटींत फोम कोंबला, वरून खाकी चिकटपट्टी मारली. दारावरच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला. दारावर कागद डकवला, ‘यंत्र चालू आहे, दार बंद ठेवा.’ आणि मग यंत्राखाली पाना घेऊन स्वतःचे फोटो काढले. ‘मिस्त्रीशिवाय! स्वहस्ते!’ असं लिहून ते गावभर पाठवले. माणूस पंचेचाळीस वर्षांचा, सोसायटीचा संचालक, आणि किती जणांनी अंगठा दाखवला ते जेवताना मोजत होता.

त्या रात्री यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी चाळली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, कागद वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तिसऱ्या पानावर चित्र होतं. खोलीतले बाण यंत्रात शिरत होते आणि पुन्हा खोलीतच येत होते. बाहेरचे बाण बाहेरच्या डब्यात जाऊन बाहेरच फिरत होते. एकही बाण भिंत ओलांडत नव्हता. खाली लिहिलं होतं, खोलीत ताजी हवा येण्याची सोय वेगळी ठेवावी, खोलीत काही पेटवू नये.

मी त्याला दाखवलं. “अहो, हे बघा. आतलीच हवा आत फिरते. एका खिडकीची पट्टी काढून ठेवू या का? दिवसातून दोनदा उघडली तरी चालेल.”

“बसवलंय कोणी? तू का मी?”

“तुम्हीच. पण यात लिहिलंय ना—”

“मास्तरीणपणा शाळेत करायचा,” तो म्हणाला आणि त्या पुस्तिकेवर चहाचा कप ठेवला.

गुरुवारी बाळ आलं. मुठीएवढं तोंड, काडीसारखे पाय. पण त्या खोलीत तीन दिवसांत तळपाय गुलाबी झाले, पोर अंग धरू लागली. न्हाऊ घालायला ठकूमावशी यायची. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. ती रोज म्हणायची, “पोर तग धरतीय बरं का, वहिनी.” योगिता हे ऐकायला कान टवकारून बसलेली असायची. तिला दुसरं काही नकोच होतं.

आणि विलास माणसं आणायचा, यंत्र बघायला! बाळंतिणीच्या खोलीत चार-चार बाप्ये, पायांत चपला, तोंडात तंबाखू. योगिता पाजत असली तर घाईघाईनं पदर ओढायची आणि भिंतीकडे तोंड करायची. हा बाळाच्या तोंडावरून हात नेऊन रिमोट दाखवायचा, “बघा, सव्वीसवर ठेवलंय.” एकानं तिथेच खोकून घेतलं. शी! मी म्हटलं, “अहो, बाळाला बाधेल.” तर म्हणे, “काही बाधत नाही, हवा खेळती आहे.” दुकानात तोंडातून निघालेलं ते वाक्य आता त्याला वेदवाक्य झालं होतं. चार दिवसांत त्याच्या आईला पाठ झालं, शेजारणींना पाठ झालं.

शनिवारी सासूबाईंनी विषय काढला. “ऊब आहे रे बाबा, पण वरवरची आहे. हाडाला लागत नाही. बाळंतिणीला शेक पाहिजे, पोरीला ओव्याची धुरी पाहिजे. उद्या कंबर धरली तर जन्माचं दुखणं.”

“आई, डॉक्टरांनी नको म्हटलंय,” योगिता म्हणाली.

“धूर होतो म्हणून नको म्हटलंय. धुराचीच भीती ना?” विलास उठला. देवघरातून पेटती उदबत्ती आणली, स्टुलावर चढला आणि यंत्राच्या वरच्या जाळीपाशी धरली. धुराची रेघ वळली आणि जाळीत शिरून नाहीशी झाली.

“बघितलं? ओढून घेतला. गेला बाहेर! नळी काय उगाच काढलीय का भिंतीतून?”

सासूबाईंनी लेकाकडे असं काही कौतुकानं बघितलं की विचारू नका. खोलीत उदबत्तीचा वास तसाच्या तसा होता. चांगला तासभर होता. मला आला, योगितालाही आलाच असणार.

मी म्हणाले, “नळीतून गॅस फिरतो, हवा नाही. धूर इथेच आहे, वास घ्या की.”

“हिला सगळं माहीत,” तो योगिताला म्हणाला. “शाळेतली पोरं हिचं कशी ऐकून घेतात कोण जाणे!” आणि हसला. सासूबाई हसल्या. बहीण बिचारी भाऊ हसला म्हणून हसली. मी स्वयंपाकघरात गेले.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात कोळसे फुलवले. ठकूमावशीनं बाळाला न्हाऊ घातलं, योगिताला चोळून न्हाऊ घातलं आणि दोघींना खोलीत नेऊन निजवलं. बाहेर येऊन शेगडीकडे बघत ती म्हणाली, “वहिनी, शेगडी न्यायची तर दार उघडं ठेवावं लागंल हां. आमच्या कुडाच्या घराला फटी असत्यात, काही वाटत नाही. ह्या खोलीला तर मुंगी जायला वाट न्हाई.”

ओट्यावरून विलास ओरडला, “दार उघडायचं नाही! यंत्र चालू असतं. मावशी, तू कपडे धू.”

“कुंदा, आण गं शेगडी,” सासूबाईंनी आतून हाक दिली.

मी विलासकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता. मी चिमट्यानं शेगडी उचलली, खोलीत नेली, बाजेपाशी ठेवली. सासूबाईंनी निखाऱ्यांवर ओवा टाकला. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं सासूबाई पूजेला बसायला उठल्या. डोकं जड झालंय म्हणाल्या, पण थंडीचं कोणाचं डोकं जड नसतं? मी हळिवाची खीर शिजवत होते. साडेदहाच्या आत-बाहेर वाटी घेऊन गेले आणि दार ढकललं.

धूर नव्हता. आत एक कणभर धूर नव्हता. निखारे लाल, ओव्याचा वास, आणि योगिता बाजेवरून अर्धी खाली लोंबत होती. अंगावर उलटी. डोळे उघडे, पण मला बघत नव्हती. बाळ तिच्या कुशीत, मान मागे पडलेली, ओठ राखेसारखे.

मी ओरडले. शेगडी लाथेनंच दाराबाहेर ढकलली, पाय पोळला. बाळाला उचललं. ठकूमावशी साबणाच्या हातांनी धावत आली, तिनं माझ्या हातातून पोर ओढून घेतली आणि अंगणात नेऊन तोंडावर फुंकर घालत पाठ चोळायला लागली. योगिताला मी आणि विलासनं ओढत ओट्यावर आणलं. मग गाडी, आणि निफाड. त्या चार किलोमीटरांत विलास एकच बोलत होता, “यंत्रानं काही झालेलं नाही. यंत्र चांगलं आहे.” मागे त्याची बहीण माझ्या मांडीवर ओकत होती.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेरच्या बाकावर. सिन्नरहून योगिताचा नवरा आणि सासू धावत आले. दीड-दोन तासांनी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं रडणं. ठकूमावशीनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “वाचल्या. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. कोंदट खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. हवा खेळती ठेवा म्हणून मी सांगितलं नव्हतं? बंद खोलीत निखारे नेले कोणी?”

विलास पुढे झाला. हात लांब करून त्यानं ठकूमावशीकडे बोट दाखवलं.

“ही अडाणी बाई. न्हाऊ घालायला येते. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत हे लोक. शेगडी, धुरी, हेच यांना येतं.”

ठकूमावशी बाकाशेजारी खाली बसली होती. तिनं मान वर केली नाही. ओल्या लुगड्याचा काठ पिळत राहिली. योगिताची सासू तिच्याकडे अशी बघत होती की आता उठून झिंज्या धरते. त्या क्षणानंतर त्या बाईला पंचक्रोशीत कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

“मावशीनं नाही,” मी म्हणाले. “मी नेली. माझ्या हातानं.”

मला वाटलं होतं, आता तो बोलेल. एवढंच बोलेल, ‘मी न्यायला सांगितलं’, किंवा ‘मी दार बंद करायला लावलं’. त्याच्याकडे बघत मी वाट बघितली.

त्याचा चेहरा सुटला. खरंच सांगते, घट्ट आवळलेली गाठ सुटावी तसा सुटला. त्यानं मोठा श्वास सोडला आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, “ऐकलंत? हिनं नेली. शिकलेली बाई, शाळेत शिकवते. आता काय बोलायचं, सांगा.”

मला त्या माणसाचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला किळस आली, ताटात केस निघाल्यावर येते तशी. त्याचे ओठ, तो सुटलेला श्वास, खिशातून डोकावणारा फोन, सगळ्याचीच.

परत जाताना गाडीत तो म्हणाला, “बरं केलंस बोललीस ते. बाहेरच्या बाईवर घातलं असतं तर चार ठिकाणी बोभाटा झाला असता. घरातलं घरात राहिलं.” मागून ठकूमावशी हळूच म्हणाली, “तू कशाला बोललीस गं पोरी? माझ्यावर खपून गेलं असतं.”

योगिताला सिन्नरवाल्यांनी दवाखान्यातूनच परस्पर नेलं. त्यांचं काय चुकलं? पाव्हण्यारावळ्यांत गोष्ट पसरली ती अशी, की वहिनीनं बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली आणि दार ओढून घेतलं. मूल नाही ना तिला, असंही कोणी कोणी पुढे जोडलं. सासूबाईंना हे ऐकू येत होतं. त्या जपमाळ ओढत होत्या.

महिन्यानं सिन्नरला बारसं झालं. मला बोलावणं नव्हतं. विलास आणि सासूबाई गेले, दुपारी परतले. तो सोफ्यावर बसून घुगऱ्या खात होता. थोड्या माझ्यासाठी कागदात बांधून आणल्या होत्या.

“योगितानं दिल्यात,” म्हणाला. “मनात काही नाही गं तिच्या. आर्या नाव ठेवलं. सव्वादोन किलो झाली.”

“तुम्ही सांगितलंत त्यांना?” मी विचारलं.

“काय?”

“दार बंद ठेवायला कोणी सांगितलं, उदबत्ती कोणी दाखवली, खिडक्या कोणी चिकटवल्या.”

तो चावायचा थांबला. माझ्याकडे बघितलं. मी बावीस वर्षं त्या तोंडावर खोटं ओळखत आले होते, आणि त्यात खोटं नव्हतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं मी काय म्हणतेय. महिनाभरात त्यानं ते स्वतःशीच मिटवून टाकलं होतं.

“त्याचा काय संबंध?” तो म्हणाला. “बरं, ऐक. सिन्नरलाही गारठा आहेच. जावई विचारत होते, इथलं यंत्र तिकडे बसवता येईल का बाळासाठी. म्हटलं, रविवारी येतो, मीच बसवून देतो. योगिताच्या सासूबाईंना पटवून आलोय सगळं. त्यांनाही शेक-धुरीचं फार आहे. म्हटलं, बिनघोर करा, यंत्र धूर ओढून घेतं. यावेळी फक्त शेगडी माहितगार माणसाच्या हातून ठेवा.” आणि घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली.

मी कोनाड्यातला फोन उचलला आणि सिन्नरचा नंबर फिरवला. योगिताच्या सासूनं घेतला.

“मावशी, मी कुंदा. फोन ठेवू नका. बारशाला बोलावलं नाहीत त्याबद्दल नाही बोलत मी, तुम्ही केलंत ते योग्य केलंत. ते यंत्र हवा बाहेर टाकत नाही, आत आणत नाही. आमचे हे सांगतात ते सगळं खोटं आहे. यंत्र बसवायचं तर कंपनीचा माणूस बोलवा, खिडकी उघडी ठेवा, आणि त्या पोरीच्या खोलीत निखारा नेऊ नका. एकही नाही.”

विलास उठला होता. “ठेव तो फोन,” तो म्हणाला. हातावर मसाल्याचं तेल होतं, तोच हात त्यानं माझ्या मनगटावर ठेवला. मी झटकला.

पलीकडून आवाज आला, “तुझ्यावर विश्वास ठेवू? शेगडी नेणारी तूच ना? आता हे सगळं माहिती झालं तुला?”

हो म्हणून सुटता आलं असतं. आता कळलं म्हणायचं, दोन टिपं गाळायची. पण मग त्यांनी विलासचंच ऐकलं असतं. तो पुरुष, तो भाऊ, त्यानं यंत्र बसवलेलं.

“आता नाही, मावशी. तेव्हाच माहीत होतं. मी पुस्तिका वाचली होती. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर हे मला हसले होते. मला वाटलं, जाऊ दे एकदा शेगडी आत. जरा धूर कोंडेल, सगळ्या खोकत बाहेर येतील आणि यांचं नाक कापलं जाईल. म्हणून नेली. दार मीच ओढून घेतलं, घट्ट.”

विलासचा हात खाली गेला. सासूबाईंची माळ थांबली. पलीकडून नुसता बाळाचा आवाज येत होता.

मग योगिताची सासू म्हणाली, “रविवारी त्याला इकडे येऊ देऊ नकोस. आणि तूही येऊ नकोस, कधीच.”

“नाही येणार,” मी म्हणाले.